युद्धात सापडलेल्या साध्या माणसांवर माहितीपट: संमतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत

तिसरी_घंटा

कॅमेरा कुठला, लेन्स कुठली यावर धागे पुष्कळ आहेत, इथे ते नको. तळघरात आसरा घेतलेली, छावणीत राहणारी, घर जमीनदोस्त झालेली माणसं आपल्या चित्रपटात येतात तेव्हा त्यांच्या बाजूने काय काय बिघडू शकतं, एवढंच बोलू. युनिट आपापल्या गावी परत जातं. तो माणूस तिथेच राहतो, आणि सीमा ओलांडून बाहेर पडला तरी त्याचे नातेवाईक मागे असतात.

सुरुवात संमतीपासून करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतात. संमती दोनदा घ्यायची, बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर. आपण काय काय बोलून जाणार आहोत हे माणसाला आधी ठाऊकच नसतं, त्यामुळे नुसती आधीची संमती म्हणजे कोऱ्या कागदावर सही घेण्यासारखं आहे. चित्रपट कुठे कुठे दिसेल ते वेगवेगळं सांगायचं: महोत्सव, टीव्ही, ऑनलाइन, आणि मोबाइलवर फिरणारे कापलेले तुकडे. शेवटचा प्रकार बहुतेक जण सांगायला विसरतात आणि धोका नेमका त्यातच जास्त. मग विचारायचं, "ज्यांच्या भीतीने तुम्ही गाव सोडलं त्यांनी हे पाहिलं तर? कुठलं वाक्य नको?" आणि आपण सांगितलेलं सगळं त्यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत ऐकायचं.

हे ऐकताना "तुम्ही आमचं नाव यादीत घालणार" असं काही आलं, तर संमती मिळालेलीच नाही असं समजावं. मदतसंस्थेच्या गाडीतून युनिट उतरलं की हा गैरसमज ठरलेला. म्हणून त्या गाडीतून जाऊ नये, संस्थेच्या माणसाला खोलीबाहेर थांबायला सांगावं आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं की यातून रेशन, व्हिसा, पैसे काही मिळणार नाही, आणि नाही म्हणालात तरी मिळतंय ते थांबणार नाही.

मुलांसाठी पालकांची परवानगी लागतेच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही हवा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेलं मूल आणि लढणाऱ्या गटात असलेलं किंवा पूर्वी असलेलं मूल, यांचं नाव बदला आणि चेहरा झाका असं युनिसेफची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आईवडील हो म्हणाले तरी.

---

रूमटोन

आवाजाबद्दल. अशा चित्रपटात एखाद वेळी चित्र वाया गेलं तरी निभावतं, साक्ष ऐकू आली नाही तर काहीच उरत नाही.

हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर कपड्यांतला माईक, आणि जोडीला फ्रेमच्या जरा वर दिशादर्शी माईक. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याचे उंच टप्पे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. त्याहून वर नको, कारण माणूस कुजबुजत असताना मध्येच ओरडतो किंवा बाहेर काहीतरी फुटतं. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर (आवाज अचानक वाढला तरी नोंद न फाटणारा) असेल तर हा ताण कमी होतो. मात्र माईकलाच तो आवाज झेपला नाही तर ३२ बिट काही करू शकत नाही, हे लक्षात असू द्या.

छावण्यांत आणि तळघरांत जनरेटर असतो. त्याची घरघर ५० हर्ट्झवर असली तर १०० आणि १५० वरही तिची पिल्लं असतात. ८० हर्ट्झखालचं कापून घरघर जाईल असं वाटतं, पण वरची पिल्लं शिल्लक राहतात आणि पुरुषी आवाज नेमका तिथेच असतो. त्यामुळे फिल्टर लावण्याआधी जागा बदला. जनरेटर आणि माणूस यांच्यामध्ये भिंत आली, खाली गोधडी किंवा चटई आली की निम्मं काम होतं. दवाखान्यात जनरेटर बंद करा असं चुकूनही म्हणू नका, त्यावर कुणाचा तरी श्वास चाललेला असतो.

मुलाखत संपल्यावर त्याच खोलीचा रिकामा आवाज एक मिनिट घ्या, पण माणूस समोर रडत असताना "सगळे शांत बसा" असं म्हणून नको. तो पाणी प्यायला बाहेर गेला की घ्या.

अवांतर: जनरेटरची वारंवारता डळमळते, त्यामुळे तिथल्या बल्बखाली कुठलाही शटर लावला तरी पट्टे येतात. बॅटरीवरचा तळहाताएवढा एलईडी जवळ ठेवा आणि छतावरचा दिवा मालवा.

---

खिडकीपाशी

वाचनखूण साठवली. एक शंका. लेखी सही नसेल तर बहुतेक वाहिन्या फुटेज घेत नाहीत. आणि सह्यांचे कागद घेऊन फिरलं तर नाक्यावर झडतीत सापडतील. मग करायचं काय?

---

तिसरी_घंटा

@खिडकीपाशी, लढाईच्या भागात कागद करूच नका. तोंडी संमती कॅमेऱ्यावर घ्या, त्यांच्या भाषेत. त्यात तारीख, चित्रपट कशावर आहे, कुठे दाखवायला चालेल, चेहरा-नाव-आवाज यांपैकी काय झाकायचं, आणि "नको वाटलं तर अमुक माणसाला सांगा" हे सगळं यायला हवं. चित्रात चेहरा चालणार नसेल तर लेन्सवर टोपण घालून नुसता आवाज घ्या. ही क्लिप मुलाखतीच्या फाइलला जोडून ठेवू नका.

क्लिपच्या नावात माणसाचं नाव कधीच नको. सांकेतिक क्रमांक द्या, क्रमांक आणि नाव यांची यादी एकाच माणसाकडे, कूटबद्ध, आणि फुटेज असलेल्या ड्राइव्हवर तर मुळीच नको. वाहिनीला सही हवीच असेल तर तो माणूस सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर घ्या. तोवर नोंदवलेली तोंडी संमती आणि तिचं भाषांतर द्या. करार करतानाच हे वाहिनीकडून कबूल करून घेतलं तर पुढे वकिलांशी हुज्जत पडत नाही.

---

वाटाड्या

सुरक्षेवर मोजकं लिहितो, कारण हे धागा वाचून शिकायचं काम नाही. अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठीची प्रशिक्षणं तीन ते पाच दिवसांची असतात, ती करूनच जा.

मऊ चिलखत पिस्तुलाच्या गोळ्या आणि काही छर्रे अडवतं, रायफलची गोळी अडवत नाही. त्यासाठी आत कडक पाट्या लागतात. सिरॅमिकची पाटी हातातून फरशीवर पडली की आत बारीक तडा जाऊ शकतो, बाहेरून काही दिसत नाही. भाड्याने घेतलेली पाटी म्हणूनच एक्स-रे करून मगच वापरावी. टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पिळायचा पट्टा) अंगावर अशा जागी ठेवा की दोन्हीपैकी कुठल्याही हाताने निघेल. जखमेच्या पाच-सात सेंटीमीटर वर लावायचा, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा आणि वेळ लिहायची. माणूस दुखतंय म्हणून ओरडेल, तरी सैल करायचा नाही.

स्फोट झाला की तिकडे धावू नये. बचावाला लोक जमले की त्याच जागी दुसरा मारा होतो, हे बऱ्याच युद्धांत दिसलेलं आहे. शिवाय तुमचं ताजं फुटेज लगेच वर चढवलं तर मारा करणाऱ्याला निशाणा कुठे लागला हे घरबसल्या कळतं. युक्रेनमध्ये मार्च २०२२ मध्ये फौजदारी कायद्यात ११४-२ हे कलम याच काळजीने आलं. सैन्याची जागा, हालचाल परवानगीशिवाय पसरवणं हा तिथे गुन्हा आहे. तळघरातल्या बाईंची मुलाखत घेताना मागे खिडकीतून रणगाडा दिसत असेल तर प्रश्न फक्त तुमच्या अटकेचा नसतो, ते तळघर सगळ्यांना कळतं.

ड्रोनचं तेच. तुमचा ड्रोन कुणाचा हे खालच्या सैनिकाला कळत नाही, आणि तो ज्या अंगणातून उडाला तिथे गोळा पडू शकतो. उपग्रह फोनही एकाच जागेवरून लांबलचक वापरू नये, विशेषतः लोक लपलेत त्या घरातून. त्याचा ठावठिकाणा काढता येतो.

फिक्सर (सगळी सोय लावून देणारा स्थानिक माणूस) आणि ड्रायव्हर यांचा विमा तुमच्याइतकाच हवा. बजेटात ही ओळ पहिली लिहा, कारण कात्री लागायची वेळ आली की तीच आधी उडते. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं ७९ वं कलम पत्रकाराला नागरिक मानतं. मानतं एवढंच, गोळी ते वाचत नाही.

---

कार्डवाला

आकडे मांडून ठेवतो, पुढच्यांना उपयोगी पडतील.

सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी. दिवसाला तीन तास धरले तर १३५, दहा दिवसांचे १३५० जीबी. तीन प्रती म्हणजे ४ टीबीच्या थोडं वर. हेच यूएचडी (४के) आकारात, सेकंदाला २५ फ्रेमने, प्रोरेस ४२२ एचक्यू या जड प्रकारात केलं तर तासाला ३३० जीबीच्या वर जातं, आणि जिथे दिवसाला दोन तास वीज मिळते तिथे एवढी प्रत पूर्णच होत नाही. म्हणून तिथे हलका कोडेकच (चित्र दाबून साठवायची पद्धत) बरा.

प्रत करताना फाइल ओढून टाकू नका. चेकसम (प्रत मुळाबरहुकूम आहे का ते सांगणारा आकडा) पडताळणारं सॉफ्टवेअर वापरा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक युनिटपासून लांब. ती लांबची प्रत पोहोचली आणि पडताळली गेली असं कळेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. कार्ड कमी पडतात ती याच टप्प्यावर, त्यामुळे हिशोबापेक्षा दुप्पट घ्या.

आणि फॉरमॅट केलं म्हणजे गेलं असंही नाही. साध्या फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फुटेज परत काढता येतं. नाक्यावर रिकामं कार्ड दाखवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बॅटऱ्या: विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच. १०० वॉट-अवरपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी आणि दोनच सुट्या. १४.४ व्होल्ट गुणिले ६.८ अँपिअर-अवर म्हणजे ९८, म्हणूनच बाजारात ९८ वाल्या इतक्या दिसतात.

---

अर्धा_चेहरा

ओळख लपवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एक फ्रेम घ्या. बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या आहेत, चेहरा काळोखात, हातात चहाचा पेला. दिग्दर्शक खूश. आता बघा काय काय उघडं पडलंय. काळोख कॅमेऱ्यासमोर होता, फाइलमध्ये नाही: लॉग किंवा रॉ (अंधारातलाही तपशील राखणारं) चित्रण असेल तर सावल्या दोन स्टॉप, म्हणजे उजेडाच्या दोन पायऱ्या, वर उचलल्या की गाल आणि नाक दिसतात. खिडकीतून पाण्याची टाकी आणि मनोऱ्याचं टोक दिसतंय, म्हणजे घराची दिशा आणि गल्ली काढता येते. हातावर भाजल्याचा डाग, बोटात अंगठी. पेल्यावर आणि चष्म्यावर समोरच्या खोलीचं प्रतिबिंब. मागे चालू टीव्हीवर बातम्या, म्हणजे दिवस आणि वेळही मिळाली. शेजारणीला तर एवढं सगळं लागतही नाही, ती आवाजावरून ओळखते.

तेव्हा झाकायचं असेल तर चित्रीकरणाच्या वेळीच झाका. कोरी भिंत, पाठीमागून फ्रेम, ओढणी किंवा कपडे दुसऱ्याचे, अंगठी काढलेली. नंतरचा ब्लर हा शेवटचा उपाय. बारीक पिक्सेल केलेला चेहरा काही वेळा बऱ्यापैकी परत उभा करता येतो, आणि चेहरा वळला की ब्लरचा ट्रॅक एका फ्रेमसाठी निसटतो. तेवढी एक फ्रेम थांबवून बघायला कुणालाही जमतं. ब्लर केलेला भाग फ्रेम-फ्रेम करून दोघांनी वेगवेगळा तपासावा. आणि तो चित्रातच कायमचा बसवलेला असावा. प्रकल्पाच्या फाइलमध्ये वरचा थर म्हणून राहिला तर ट्रेलर कापणारा तो नकळत बंद करतो.

आवाज नुसता जाड-बारीक केला तर उलट करून मूळ मिळवता येतो. शब्द तसेच ठेवून दुसऱ्या माणसाकडून वदवून घ्या आणि तसं पडद्यावर लिहा.

---

दुसरी_जीभ

दुभाषा हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित माणूस.

तो कुठल्या गटाचा, कुठल्या गावचा, बोली कोणती, हे समोरच्याला दोन वाक्यांत कळतं, आणि त्यावर तो काय बोलणार ते ठरतं. त्यामुळे दुभाषा कोण आहे हे आधी सांगून "चालेल का" असं विचारायला हवं. बाईंच्या मुलाखतीला बाई दुभाषी, जिथे त्या तसं म्हणतील तिथे.

भाषांतर प्रथमपुरुषात, 'मी' म्हणून व्हावं. "ते म्हणताहेत की घर पडलं" असं नको, "माझं घर पडलं" असं. दुभाष्यांची आणखी एक सवय म्हणजे गोळाबेरीज करणं. माणूस चार मिनिटं बोलतो आणि भाषांतर येतं, "खूप वाईट झालं म्हणतोय." थांबवून पुन्हा विचारलं तर माणसाला ते पुन्हा जगावं लागतं. त्यापेक्षा वाक्य-दोन वाक्यांवर थांबण्याची खूण आधीच ठरवा. आणि संकलनाआधी पूर्ण फुटेजचं भाषांतर दुसऱ्याच माणसाकडून करून घ्या. पहिल्याने भीतीने किंवा भिडेने काय गाळलं ते तेव्हा कळतं.

प्रश्नांबद्दल थोडं. "तेव्हा काय वाटलं?" हा प्रश्न टाळावा. "तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात? हातात काय होतं?" असं विचारलं की माणूस स्वतःच्या गतीने बोलतो. सुरुवात युद्धाच्या आधीच्या एखाद्या साध्या दिवसापासून करा आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं आजच्या दिवसावर परत या: आज काय शिजवणार, मुलं कुठे आहेत. सगळ्यात वाईट प्रसंगावर "कट, धन्यवाद" म्हणून उठू नये. रडू आलं तर झूम करू नये, फ्रेम होती तशी राहू द्यावी. हे मला तांत्रिक नियमाइतकंच पक्कं वाटतं.

---

सावली_मोजणी

दुसऱ्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ वापरताना: मूळ फाइल मागा. मेसेजमधून व्हिडिओ म्हणून आलेली फाइल दाबलेली असते आणि तिचा मेटाडेटा (कधी, कुठे, कशाने काढली याची नोंद) गेलेला असतो, तीच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. हाती आल्याबरोबर एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) काढा, तो ६४ अक्षरांचा आकडा वेगळ्या ठिकाणी तारखेसह लिहून ठेवा आणि संकलनाला फक्त प्रत द्या.

जागा जुळवायला इमारतींच्या कडा, डोंगराची रेघ, खांबांची रांग. वेळ जुळवायला सावलीची दिशा आणि लांबी. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं चित्र, पण एक ठिपका १० मीटरचा. पडलेली अख्खी गल्ली त्यात कळते, एका घराचं छप्पर नाही. ढग असतील तर काहीच नाही.

हे सगळं उगाच नाही. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूरेंबर्गच्या खटल्यात छळछावण्यांचं चित्रण पडद्यावर दाखवलं गेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका कमांडरवर वॉरंट काढलं, त्यात समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ हा मोठा आधार होता. त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित चाळणीने सीरियातले व्हिडिओ मोठ्या संख्येने उडवले. म्हणजे ऑनलाइन आहे म्हणून राहील असं समजू नका. असं साहित्य कसं गोळा करावं आणि जपावं यासाठी २०२० चा बर्कली प्रोटोकॉल आहे, तो वाचाच.

---

वाटाड्या

@सावली_मोजणी, तांत्रिक भाग सगळा मान्य. पण आपण पुरावा गोळा करतोय असं डोक्यात बसलं की मुलाखत उलटतपासणीसारखी होते, त्याबद्दलही लिहा.

---

सावली_मोजणी

बरोबर, ते राहिलं. माणसाने कॅमेऱ्यासमोर सविस्तर सांगितलं आणि दोन वर्षांनी तपास अधिकाऱ्यासमोर थोडं वेगळं सांगितलं, तर बचावाचा वकील तुमचं फुटेज दाखवून त्याला खोटं पाडू शकतो. धक्क्यात सांगितलेल्या वेळा आणि आकडे बदलतात, त्यात लबाडी नसते, पण न्यायालयात तसं दिसतं. म्हणून किती वाजता, किती जण, कुठल्या गणवेशात, असले प्रश्न चित्रपटाला लागत नसतील तर विचारूच नका. आणि विचारण्याआधी बघा की या व्यक्तीचा जबाब आधी कुणी घेतलाय का. लैंगिक हिंसेच्या बाबतीत तर एप्रिल २०२२ मध्ये आलेली मुराद संहिता (अशा हिंसेतून गेलेल्यांकडून माहिती कशी घ्यावी याचे नियम) हेच म्हणते: तुम्ही विचारायलाच हवं का, हे आधी ठरवा. माहिती दुसरीकडून मिळत असेल तर त्या बाईंना पुन्हा बसवायचं कारण नाही.

---

कात्री

संकलनाच्या खोलीतला माणूस हे सगळं महिनोन्‌महिने बघतो, त्याच्याविषयी.

फुटेज आल्यावर सहायकाने रंगाच्या खुणा लावाव्यात: प्रेतं, जखमा, मुलं, किंकाळ्या. संकलकाला काय उघडतोय ते आधी कळलं पाहिजे. पहिल्यांदा बघताना आवाज बंद, खिडकी लहान, हवं तर कृष्णधवल. आवाज जास्त आत जातो. तोच तुकडा लूपवर ठेवून ब्लर लावत बसू नका, त्या कामाला स्थिर फ्रेम पुरते. झोपायच्या आधी हे काम नको.

कापण्याबद्दल माझं ठाम मत: जखमेचा शॉट किती सेकंद ठेवायचा यावर तास घालवण्यापेक्षा त्याच्या आधी तो माणूस कोण होता हे दिसलंय का ते बघा. नाव नाही, घर नाही, नुसतं शरीर आलं तर तो माणूस राहत नाही, दृश्य होतं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २७ व्या कलमात नागरिकांना लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण दिलंय. ते युद्ध करणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, पण संकलनाच्या टेबलावर चिकटवून ठेवायला हरकत नाही. आणि एका दिवसाचा स्फोट दुसऱ्या दिवसाच्या चेहऱ्याला जोडू नये. नाट्य वाढतं, पण कुणी सावल्या मोजल्या की अख्खा चित्रपट खोटा ठरतो.

---

खिडकीपाशी

शेवटचा प्रश्न. चित्रपट पूर्ण झाला, दोन महोत्सव झाले, आणि मग निरोप आला की मला काढा. काढता येतं?

---

तिसरी_घंटा

आधी तयारी असेल तर येतं. अंतिम कट होण्याआधी प्रत्येकाला त्याचा भाग दाखवायचा, फाइल न पाठवता समोर बसून किंवा ऑनलाइन, आणि काढायचं असल्यास शेवटची तारीख सांगायची. त्या तारखेनंतर सगळं आपल्या हातात नसतं हेही तेव्हाच, स्पष्ट.

दुसरं म्हणजे वही. कुठली आवृत्ती कुणाला, कुठल्या दिवशी, कुठल्या रूपात गेली: महोत्सवाची डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत), वाहिनीची फाइल, परीक्षकांची लिंक, ट्रेलर, पोस्टर, प्रसिद्धीची छायाचित्रं. माणूस चित्रपटातून काढला आणि पोस्टरवर राहिला, ही चूक फार होते. प्रत्येकाचा शॉट कुठल्या टाइमकोडला (चित्रपटातल्या कितव्या मिनिट-सेकंदाला) आहे ते सांकेतिक क्रमांकासमोर लिहिलेलं असेल तर बदली आवृत्ती दोन दिवसांत निघते. त्या जागी टाकायला रिकाम्या खोलीचे, रस्त्याचे, हातांचे दहा-बारा शॉट पहिल्यापासून राखून ठेवा. वितरकाच्या करारात "सुरक्षेच्या कारणावरून निर्माता आवृत्ती बदलू शकतो आणि जुनी नष्ट करायला लावू शकतो" हे वाक्य हवं. ते नसेल तर वितरक ऐकेलच असं नाही.

आणि निरोप नक्की त्याच माणसाचा आहे का, हे आधी तपासा. संमतीच्या वेळी ठरवलेला एखादा शब्द किंवा प्रश्न इथे कामाला येतो. निरोप दुसऱ्याच कुणाचा असेल, तर त्या माणसापर्यंत कुणीतरी पोहोचलंय असं समजा आणि आधी त्याला गाठा, उत्तर नंतर.